जाऊबाईंचा देव आणि माझा देव

वाचकाचं पत्र:

"मी ३६ वर्षांची आहे. ख्रिस्ती घरातच वाढले. दोन वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ कर्करोगानं गेला. त्याच्यासाठी मंडळीनं साखळी प्रार्थना केली होती. तो गेल्यावर एका जुन्या सभासद बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, 'कुठं तरी विश्वास कमी पडला बघ.' तेव्हापासून प्रार्थनेला बसले की छातीवर दडपण येतं. कॉलेजात असताना माझ्या हातून एक चूक घडली होती. तिची क्षमा किती वेळा मागितली याची गणती नाही. तरी रोज रात्री तीच आठवते, आणि त्याचीच शिक्षा म्हणून भाऊ गेला का, असं वाटत राहतं. उपासनेत सगळे डोळे मिटून गातात, रडतात, 'प्रभूनं मला सांगितलं' अशा साक्षी देतात. मला काहीच होत नाही. माझी जाऊ त्याच चर्चला येते, तोच विश्वासांगीकार (काय मानतो ते सांगणारी ठरलेली कबुली) म्हणते, पण तिचा देव वेगळाच वाटतो. ती भांडी घासतानाही त्याच्याशी बोलते. विश्वास एकच, तर अनुभव इतका वेगळा कसा? माझा विश्वास खोटा आहे का? चर्चला जाणं थांबवू का?"

प्रिय ताई,

शेवटचा प्रश्न आधी घेऊ, कारण त्याचं उत्तर सगळ्यांत सोपं आहे. चर्चला जाणं सध्या थांबवू नका. इग्नेशियस लोयोला या संतानं आध्यात्मिक साधनेसाठी नियम लिहून ठेवले. १५४८ साली पोपच्या संमतीनं ते छापले गेले. त्यांतला एक नियम तुमच्या स्थितीला नेमका लागू पडतो: मन ओसाड असताना, देव दूर गेल्यासारखा वाटत असताना, बऱ्या काळात घेतलेला निर्णय बदलायचा नाही. अशा वेळी मनात येणारा सल्ला त्या ओसाडीतूनच आलेला असतो, म्हणून त्यावर भरवसा ठेवता येत नाही. उपासनेला जा, मागच्या बाकावर बसा, गाता येत नसेल तर गाऊ नका. बाकीचे गात असतात, तेवढं सध्या पुरे. साक्षींच्या बैठकीला मात्र काही महिने गेला नाहीत तरी काही बिघडत नाही. तिथून तुम्ही दर वेळी अधिक खचून परतत असणार, असा आमचा अंदाज आहे.

आता मूळ प्रश्न. तुम्ही आणि तुमच्या जाऊबाई रविवारी एकच विश्वासांगीकार म्हणता. सर्वसमर्थ पिता, त्याचा पुत्र येशू ख्रिस्त, पवित्र आत्मा, पापांची क्षमा, सगळं तेच. पण एकट्यानं प्रार्थनेला बसल्यावर माणूस ज्याच्याशी बोलतो तो देव विश्वासांगीकारातलाच असेल असं नाही. आना-मारिया रिझुटो या मनोविश्लेषक बाईंनी १९७९ साली हा फरक नीट मांडला. देवाविषयी शिकलेली कल्पना एक असते. आईवडील, शिक्षक, माया, मार, वाट पाहणं, दुर्लक्ष या सगळ्यांतून नकळत मनात साचलेली देवाची प्रतिमा दुसरी असते. शिकवणीविषयी कुणी विचारलं तर आपण पहिलीतून उत्तर देतो. रात्री झोप उडते तेव्हा समोर दुसरीच उभी असते, आणि अनुभव तिच्याच मागे जातो.

प्रॉटेस्टंट पंथाची सुरुवात करणाऱ्या मार्टिन ल्यूथरचं उदाहरण इथे घ्यायलाच हवं. मृत्यूच्या आदल्या वर्षी, १५४५ साली लिहिलेल्या एका प्रस्तावनेत त्यानं सांगितलं आहे की, भिक्षू म्हणून निर्दोष जगत असतानाही पाप्यांना शिक्षा करणाऱ्या न्यायी देवाचा आपण द्वेष करत होतो. रोमकरांस पत्रातल्या पहिल्या अध्यायाच्या १७व्या वचनावर तो कितीतरी दिवस अडून बसला होता. तिथलं 'देवाचं नीतिमत्त्व' म्हणजे देव ज्या मापानं आपल्याला मोजतो ते, असं तो धरून चालला होता. देव ते नीतिमत्त्व विश्वासाच्या द्वारे माणसाला देतो, हे ध्यानात आल्यावर जणू नंदनवनाची दारं उघडली, असं तो लिहितो. वचन तेच होतं, माणूस तोच होता. देवाविषयीची समजूत बदलली आणि तिच्याबरोबर प्रार्थनेचा अनुभवही बदलला.

तेव्हा भावना वाढवायची खटपट सोडा आणि आधी प्रतिमा तपासा. एक वही घ्या. सलग तीन दिवस, प्रार्थना संपल्या संपल्या, फक्त पाच मिनिटांत चार प्रश्नांची उत्तरं लिहा. मी बोलत होते तेव्हा देवाचा चेहरा कसा होता? चूक झाल्यावर तो पहिलं वाक्य काय बोलतो? प्रार्थना चुकली तर तो काय करतो? काही चांगलं घडलं की 'आता हा याची किंमत वसूल करणार' असं वाटतं का? बरोबर उत्तर लिहायचं नाही, मनात पहिलं येईल ते लिहायचं. बहुतेक जण इथेच घसरतात. पेन हातात घेतलं की लगेच 'देव प्रीती आहे' लिहून मोकळे होतात. पाच मिनिटांची मर्यादा त्यासाठीच आहे, मनाला सावरासावर करायला वेळ मिळू नये म्हणून.

चौथ्या दिवशी ती उत्तरं वाचा आणि समासात लिहा, हा आवाज कुणासारखा आहे. वडिलांसारखा, एखाद्या शिक्षकासारखा, त्या सभासद बाईंसारखा, की तुमचा स्वतःचाच? एवढी नोंद करून पुढे जा. सगळं खापर वडिलांवर फोडण्याची हल्ली फॅशन आहे. त्यातून फारसं काही हाती लागत नाही. कडक बापाच्या मुलांचा देव मायाळू असल्याचीही उदाहरणं कमी नाहीत.

त्यानंतरचं काम लांबचं आहे, सहा आठवडे तरी धरा. ख्रिस्ती विश्वासात देव कसा आहे हे ठरवायला एक पक्की कसोटी दिली आहे. योहानाच्या शुभवर्तमानात, १४व्या अध्यायात, फिलिप्प 'आम्हाला पिता दाखव' म्हणतो, आणि ज्यानं मला पाहिलं त्यानं पित्याला पाहिलं, असं येशू त्याला उत्तर देतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की, तुमच्या वहीतला देव जे बोलतो ते येशू त्याच प्रसंगी बोलला असता का, हे पडताळता येतं. आठवड्याला एकच प्रसंग घ्या आणि तोच रोज वाचा. पहिल्या आठवड्यात मार्क ५:२५–३४ (मार्काच्या शुभवर्तमानाचा ५वा अध्याय, वचनं २५ ते ३४), बारा वर्षं रक्तस्रावानं पिडलेली बाई. दुसऱ्या आठवड्यात लूक ७:३६–५०, शिमोन परुश्याच्या घरी येशूचे पाय आसवांनी भिजवणारी स्त्री. तिसऱ्या आठवड्यात योहान २१, आपल्याला तीनदा नाकारणाऱ्या पेत्र या शिष्याला येशू आधी किनाऱ्यावर मासे-भाकर खायला बोलावतो आणि मग 'माझ्यावर प्रीती करतोस का' असं तीनदा विचारतो. चौथ्यात लूक १५, उधळ्या मुलाची गोष्ट, पण धाकट्यापेक्षा थोरल्या मुलाकडे लक्ष देऊन वाचा. तुमचं दुखणं त्याच्या जवळचं आहे. इतकी वर्षं राबलो आणि हातात काय, हीच त्याची तक्रार होती, आणि बाप त्याची समजूत घालायला घराबाहेर येतो. पाचव्यात मार्क १०:१७–२२, येशूकडे आलेला श्रीमंत माणूस. सहाव्यात जो प्रसंग सर्वांत अवघड गेला तो पुन्हा.

वाचायचं कसं, तर दहा मिनिटांत दोनदा, दुसऱ्यांदा मोठ्यानं. मग वहीत एकच वाक्य: 'इथे येशू आधी काय करतो?' आधी काय करतो, हे महत्त्वाचं. बहुतेक प्रसंगांत उपदेश नंतर येतो. पाहणं, हाक मारणं, खाऊ घालणं, बाजू घेणं आधी घडतं. तुमच्या मनातल्या देवाचा क्रम उलटा आहे, तो आधी हिशेब मागतो.

पाचव्या आठवड्याचा प्रसंग मुद्दाम घातला आहे. कठोर देवाला कंटाळलेली माणसं पुष्कळदा काहीच न मागणाऱ्या देवाकडे धावतात. काही दिवस फार बरं वाटतं. मग आयुष्यात खरा निवड करायचा प्रसंग येतो आणि त्या देवाजवळ बोलण्यासारखं काही नसतं. मार्कात त्या श्रीमंत माणसाकडे येशू प्रेमानं पाहतो आणि त्याच श्वासात, तुझ्यात एका गोष्टीची उणीव आहे, असं सांगतो. दोन्ही एकत्र आहेत. यातलं एक काढून घेतलं तर उरेल ती आपल्या सोयीची मूर्ती.

त्रैक्याची, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव ही शिकवण पुष्कळांना पाठ असते, पण प्रार्थनेत तिचा उपयोग फार थोडे जण करतात. ज्यांच्या मनात एकटा पिताच आहे त्यांचा देव दूरच्या सिंहासनावर बसतो. ज्यांच्या मनात फक्त येशू आहे त्यांना सोबत मिळते, पण कधी कधी पावित्र्याचा धाक उरत नाही. सगळा भर पवित्र आत्म्यावर दिला की माणूस संवेदनांच्या मागे लागतो, आज काही जाणवलं की नाही. विश्वासांगीकारात तिघेही आहेत, आणि इफिसकरांस पत्रात (२:१८) प्रार्थनेची रचनाही दिली आहे: ख्रिस्ताच्या द्वारे, आत्म्यामध्ये, पित्याकडे. रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय आणखी पुढे जातो. काय मागावं हे कळत नाही तेव्हा आत्मा आपल्यासाठी विनवणी करतो (८:२६), आणि ख्रिस्तही मध्यस्थी करतो (८:३४). म्हणजे प्रार्थना तुम्ही सुरू केलीत तरच होते, असं नाही. ती चालूच असते आणि तुम्ही तिच्यात येऊन बसता. छातीवर दडपण येतं तेव्हा याचा थेट उपयोग करा. डोळे मिटून मनात एवढंच म्हणा: 'तुम्ही बोलताय, मी बसले आहे.' आणि दोन मिनिटं खरंच नुसतं बसा. आपण काही केलं नाही तर प्रार्थना झालीच नाही, ही समजूत हिशेबी देवाच्या घरातली आहे.

भावाविषयी. इथे घाई करणार नाही, कारण तुमच्या पत्राचं खरं ओझं हेच आहे.

तुमच्या जुन्या चुकीची शिक्षा म्हणून भाऊ गेला का? जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी हाच प्रश्न विचारला होता, पाप याचं की याच्या आईबापांचं. येशूनं दोन्ही पर्याय नाकारले (योहान ९:३). शिलोहाचा बुरूज कोसळून १८ जण मेले, ते इतरांपेक्षा जास्त पापी नव्हते, असंही त्यानं सांगितलं (लूक १३:४). यहेज्केलाच्या १८व्या अध्यायात तर एकाच्या पापाचा भार दुसऱ्यावर पडणार नाही, असं स्पष्ट म्हटलं आहे. यावर कुणी तरी दावीद राजाचं मूल तुमच्या पुढ्यात टाकील. २ शमुवेल १२ मध्ये दावीदाच्या पापानंतर त्याचं मूल दगावतं, हे खरं. पण तिथे नाथान संदेष्ट्याला देवानं आधी पाठवलं, पापाचं नाव घेऊन सांगितलं आणि काय होणार तेही सांगितलं. मृत्यू आधी आणि मग त्यावरून मागे जात पाप हुडकणं, ही रीत ईयोबाच्या तीन मित्रांची. ईयोब हा बायबलातला निर्दोष माणूस, त्याच्यावर संकटं कोसळली तेव्हा ते त्याचंच पाप शोधत बसले. त्या पुस्तकाच्या शेवटी (४२:७) देव त्या मित्रांवरच रागावतो, तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत म्हणून. देवाची बाजू घेऊन बोललेले चुकीचे ठरले, आणि देवाशी भांडलेला ईयोब खरा ठरला. हे पुन्हा पुन्हा वाचण्यासारखं आहे.

शिस्तीविषयीची वचनं बायबलात आहेत. इब्री लोकांस पत्राचा १२वा अध्याय आम्ही लपवणार नाही. पण तिथली शिस्त बाप मुलाला लावतो ती आहे, ज्याला लावायची त्यालाच, आणि त्याच्या भल्यासाठी. बहिणीला धडा शिकवायला भावाला मारणाऱ्याला तिथे जागा नाही.

आणि 'विश्वास कमी पडला' याबद्दल. हे बोलणाऱ्यांचा आधार बहुधा याकोब ५:१५ असतो, विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील. एक वचन मागे गेलं तर दिसतं की ती प्रार्थना करायला मंडळीच्या वडील जनांना बोलवायला सांगितलं आहे. आजाऱ्याच्या बहिणीचा विश्वास तिथे कुणी तोलत नाही. प्रेषित पौलानं शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारी एक पीडा, निघावा म्हणून तीनदा विनंती केली, तो निघाला नाही (२ करिंथ १२:८–९). आपला सोबती त्रफिम याला तो मिलेतात आजारी सोडून आला (२ तीमथ्य ४:२०). तरुण सहकारी तीमथ्य याच्या पोटाच्या दुखण्यावर त्यानं थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितला (१ तीमथ्य ५:२३). आणि गेथशेमाने बागेत खुद्द येशूनं तीनदा दुःखाचा प्याला टळावा हीच प्रार्थना केली आणि तो टळला नाही. या सगळ्यांत कुणाचा विश्वास कमी पडला, हे त्या बाईंना विचारता येईल. विचारायलाच हवं असं नाही.

मग भाऊ का गेला? याचं उत्तर ख्रिस्ती शिकवण देत नाही, आणि जे देऊ पाहतात ते बहुधा तुमच्यापेक्षा स्वतःच्या मनाचं समाधान करत असतात. देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सगळं मिळून कल्याणच घडतं, हे रोमकरांस ८:२८ मलमपट्टीसारखं लावणाऱ्यांनी आधीची दहा वचनं वाचावीत. तिथे सृष्टी कण्हते, विश्वासणारे कण्हतात आणि आत्माही कण्हतो.

तुम्हालाही कण्हायला जागा हवी. म्हणून रोजच्या प्रार्थनेचा साचा बदला. एकूण दहाच मिनिटं, शक्यतो सकाळी, कारण रात्री तुमचं मन कोर्ट भरवतं. दोन मिनिटं नुसतं बसणं. मग १३वं स्तोत्र मोठ्यानं. ते सहाच वचनांचं आहे, आणि पहिल्या दोन वचनांत 'कोठवर' हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. त्यानंतर चार मिनिटं तुमची स्वतःची तक्रार, भावाचं नाव घेऊन, शोभेल अशी भाषा न वापरता. शेवटी प्रभूची प्रार्थना, सावकाश. स्तोत्राची शेवटची दोन वचनं भरवशाची आहेत. ती जड गेली तर सोडून द्या आणि त्या दिवशी ८८वं स्तोत्र घ्या. ते अंधारातच संपतं, तरी ते बायबलात आहे. १५० स्तोत्रांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा विलापाचा आहे. आपल्या उपासनांमध्ये तो फारच कमी गायला जातो, आणि दुःखात असलेल्या माणसाला वाटतं की चूक आपलीच.

आता जुनी चूक आणि रोजची क्षमायाचना. यात तुम्ही स्वतःला सर्वांत जास्त इजा करून घेत आहात. शिकवण स्पष्ट आहे: पाप पदरी घेतलं तर देव क्षमा करतो (१ योहान १:९). मग तेच पाप पुन्हा पुन्हा का मागे लागतं? दोन वेगळ्या गोष्टी एक समजल्या जातात म्हणून. पवित्र आत्मा दोष दाखवतो तेव्हा तो नेमका असतो: अमुक कृत्य, अमुक माणूस, आणि आता अमुक कर. केलं की विषय संपतो. दोषारोपाचा आवाज धूसर असतो. तो कृत्याला सोडून अख्ख्या माणसाला धरतो, 'तू अशीच आहेस' म्हणतो, आणि पुढचं पाऊल सांगत नाही. २ करिंथ ७:१० मध्ये देवप्रेरित दुःख आणि जगाचं दुःख असा फरक केला आहे, तो हाच.

पुढचं पाऊल आम्ही सांगतो. एकदा, एकाच माणसापुढे, ती चूक नाव घेऊन सांगा. तुम्ही कॅथलिक असाल तर फादरांकडे पापनिवेदनात, आणि हेही सांगा की मी हे अनेकदा मागितलं आहे. प्रॉटेस्टंट असाल तर पाळकांपुढे किंवा तोंड बंद ठेवणाऱ्या एखाद्या वयस्क बाईंपुढे (याकोब ५:१६). कुणाचं नुकसान झालं असेल आणि भरून देता येत असेल तर ते द्या. वहीत तारीख लिहा. त्या तारखेनंतर त्या पापाची क्षमा मागायची नाही, एकदाही नाही. रात्री आठवण आली की एकच वाक्य: 'हे झालं आहे.' आणि कूस बदला. पहिले दोन-तीन आठवडे बेचैनी वाढेल. पुन्हा मागितली की पाच मिनिटं हलकं वाटतं आणि मग शंका दुपटीनं येते. तेच चक्र तोडायचं आहे. बेचैनी आपोआप उतरते, पण तिला उतरू द्यावं लागतं.

हे जमलंच नाही, दिवसातून अनेक वेळा क्षमा मागितल्याशिवाय राहवेना, शब्द नीट उच्चारले की नाही म्हणून पुन्हा सुरुवात करावी लागू लागली, तर हा आजार समजा. धार्मिक विषयाला चिकटलेला हा मंत्रचळ असतो, डॉक्टर त्याला ओसीडी म्हणतात, आणि त्यावर चांगले उपचार आहेत. इग्नेशियसला १५२२च्या सुमारास स्पेनमधल्या मानरेसात हेच झालं होतं. पापं पुन्हा पुन्हा सांगूनही त्याचं समाधान होत नसे आणि जिवाचं बरंवाईट करण्यापर्यंत त्याचं मन गेलं होतं. शेवटी जुनी पापं पुन्हा सांगायची नाहीत असं त्यानं ठरवलं. त्याला ओसीडीवरचे उपचार उपलब्ध नव्हते, तुम्हाला आहेत.

त्याच प्रकारे, दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक बिघडलेली असेल, कशातच रस वाटत नसेल, मरणाचे विचार येत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. मरणाचे विचार असतील तर दोन आठवडेही थांबू नका, आजच घरातल्या कुणाला तरी सांगा. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागत होता, तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. दोनदा उठवून खायला दिलं आणि मध्ये झोपू दिलं (१ राजे १९). देवाशी बोलणं त्यानंतर आलं.

राहिली उपासनेतली कोरडेपणाची गोष्ट. कोणत्या अनुभवाला 'देवाचा अनुभव' म्हणायचं, हे मंडळीची शिकवण बरीचशी ठरवते. पेंटेकॉस्टल मंडळीत आत्म्याचं जाणवणं अपेक्षित असतं, म्हणून माणसं त्याकडे कान लावून असतात. ल्यूथरच्या परंपरेत खात्री आपल्या बाहेर, वचनात आणि संस्कारांत शोधायची असते. खचलेल्या वेळी ल्यूथर 'माझा बाप्तिस्मा झाला आहे' एवढंच स्वतःला बजावत असे. टान्या लुहरमन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी देवाचा आवाज ऐकणाऱ्या अमेरिकन मंडळ्यांचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्यांना आढळलं की हे ऐकणं सरावानं वाढतं, आणि कल्पनेत सहज रमून जाणाऱ्या स्वभावाच्या लोकांना ते लवकर जमतं. यावरून ते अनुभव खोटे ठरत नाहीत. पण ज्यांचा स्वभाव तसा नाही त्यांचा विश्वासही खोटा ठरत नाही.

मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याच्या चरित्रातल्या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहा. २४ मे १७३८ रोजी लंडनच्या एका बैठकीत आपलं हृदय विलक्षण उबदार झालं, असं त्यानं लिहिलं. ती तारीख अजून साजरी होते. पुढच्या ४ जानेवारीला त्याच माणसानं, मी आत्ता ख्रिस्ती नाही, असं दैनंदिनीत लिहून ठेवलं. ही तारीख कुणी साजरी करत नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ सालचा. ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त स्वतः नंतर, सुमारे आठ वर्षांनी भेटला, असं त्यांनीच सांगितलं. मधली वर्षं वाया गेली असं कोण म्हणेल? मदर तेरेसांची पत्रं २००७ साली पुस्तकरूपानं बाहेर आली तेव्हा कळलं की कित्येक दशकं त्यांना देव जाणवतच नव्हता.

मात्र एक सावधगिरी. प्रत्येक कोरडेपणाला 'आत्म्याची अंधारी रात्र', म्हणजे देवानंच आत्म्याला घडवण्यासाठी आणलेला कोरडा काळ, म्हणायचा मोह टाळा. क्रुसाचा संत योहान या सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश संतानं त्यासाठी तीन खुणा एकत्र दिसायला हव्यात असं सांगितलं आहे: देवाच्या गोष्टींत गोडी नाही आणि इतर कशातही नाही, आपण देवाची सेवा करत नाही ही टोचणी सतत आहे, आणि पूर्वीसारखं मनन कितीही केलं तरी जमत नाही. तुम्हाला दुसरी खूण नक्की लागू आहे. बाकीच्या दोन शोक आणि थकवा यांच्याही असू शकतात, आणि आमच्या मते सध्या त्याच आहेत. तेव्हा आधी झोप, शोक आणि हिशेबी प्रतिमा यांची व्यवस्था लावा. वर्षभरानं तिन्ही खुणा राहिल्या तर एखाद्या अनुभवी आध्यात्मिक मार्गदर्शकाकडे जा.

प्रगती मोजायचीच असेल तर उपासनेत डोळे भरून आले का, हे पाहू नका. गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात आत्म्याचं फळ म्हणून नऊ गुण दिले आहेत. त्यांतले सहनशीलता, ममता, सौम्यता यांसारखे गुण घरच्यांना तुमच्या आधी दिसतात. तीन महिन्यांनी नवऱ्याला विचारा, माझ्यात काही फरक आहे का.

आणि जाऊबाईंना एक प्रश्न विचारा: 'भांडी घासताना तुम्ही त्याला काय सांगता?' त्या बहुधा फार मोठं काही सांगणार नाहीत. आज भाजी करपली, थोरल्याचा ताप उतरला, असलंच काही असेल. त्यांची नक्कल करायची नाही, पण तुम्हाला ज्याची भीती वाटते त्याच्याशी एवढ्या साध्या गोष्टी बोलता येतात, हे एकदा कानांनी ऐका. त्यांना भावाविषयीही सांगा. त्यांना ठाऊक आहे असं तुम्ही धरून चालला असाल, पण शिक्षेची ती शंका तुम्ही त्यांच्यापाशी बोलला आहात असं पत्रावरून तरी वाटत नाही.